तिसरी प्रत आईकडे

दादाचा आवाज तीन ठिकाणी ठेवायचा, हे मी ठरवलं. मीच. घरात बाकी कुणाला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मला फार कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. बोटीवर फिटर होता. नव्वदच्या आसपास वसईजवळच्या आमच्या सांडोरातली बरीच तरुण पोरं बोटीवर नाहीतर आखातात असायची, त्यात नवल काही नव्हतं. नवल एवढंच की दादाला पत्र लिहायचा मरणाचा कंटाळा. चार ओळींपलीकडे त्याचं पत्र कधी गेलं नाही. मी मजेत आहे, तुम्ही मजेत असाल, बाकी भेटीअंती. आईनं असं एक पत्र माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "एवढं तर पोस्टमनसुद्धा लिहील." मी हे त्याला जसंच्या तसं कळवलं. त्याला झोंबलं असावं, कारण त्यानंतर त्यानं पत्रं बंदच केली आणि कॅसेटी पाठवायला सुरुवात केली. काम संपलं की केबिनमध्ये टेपरेकॉर्डर घेऊन बसायचं, दोन्ही बाजू भरेपर्यंत बोलायचं, आणि सुटीवर गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती कॅसेट धाडून द्यायची.

लिहिताना मुका असलेला हा माणूस कॅसेटवर थांबायचाच नाही. बोटीवरच्या आचाऱ्यानं माशाची कशी माती केली, कोण कुठल्या बंदरात काय खरेदी करताना फसला, सगळं. मध्येच "थांब आये, चहा घेऊन येतो" म्हणून उठायचा आणि टेप तशीच चालू ठेवायचा. मग नुसती इंजिनाची घरघर, दार उघडल्याचा आवाज, कप ठेवल्याचा आवाज. "केळींना टेकू दिले का? वारा सुटेल आता. आणि सुकेळी पाठव. मागच्या वेळची त्या मेल्यानं वाटेतच संपवली, त्याच्या हाती देऊ नकोस." हे सगळं आमच्या घरच्या बोलीत. ती बोली इथं लिहून बघितली मी, पण कागदावर तिचा जीव जातो, म्हणून सोडून दिलं.

आई ओटीवर बसून कॅसेट ऐकायची आणि त्याला उत्तरं द्यायची. "दिले रे टेकू. मला शिकवतो!" मला हसू यायचं. वहिनी नवी नवरी होती, ती आतून ऐकायची आणि तिच्यासाठी काही आलं की भांडी आपटायची, म्हणजे आम्हाला ऐकू जाऊ नये. कसलं ऐकू जात नाही! सगळं ऐकू यायचं.

मग एका ऑगस्टात कळलं की दादा नाही. बोट कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभी होती, तो डेकवर गेला आणि परत आला नाही. पडला, म्हणाले. शोधलं, म्हणाले. वहिनीला सातवा महिना होता. शरीर मिळालं नाही. चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली ती शवपेटीशिवाय. पेटी जिथं ठेवतात त्या रिकाम्या जागेवर फादरांनी पवित्र पाणी शिंपडलं, तेव्हा पहिल्या बाकावरून आई मोठ्यानं म्हणाली, "तिथं कोण आहे?" वहिनीनं तिचा हात धरला.

आईचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीभोवती फिरत राहिलं. लेक गेला याचं दुःख होतंच, पण त्याला माती मिळाली नाही, हे तिला खाऊन टाकायचं. मृतांच्या दिवशी सगळं गाव सिमेटरीत जमतं, जो तो आपापल्या माणसाची कबर झाडतो, फुलं लावतो, मेणबत्त्या पेटवतो. आईला झाडायला काही नव्हतं. तिला मी म्हटलं, "आये, बाबांच्या कबरीवर दादाचीही मेणबत्ती लाव." ती म्हणाली, "तुझे बाबा आहेत तिथं. तो नाही." बोलणं संपलं. मला त्या वेळी तिचा रागच यायचा. माझाही भाऊच गेला होता की!

भाची झाली. गोड पोर. दादाची हनुवटी जशीच्या तशी. ती रांगायला लागली तशी आई तिला मांडीवर घेऊन कॅसेटी लावायला लागली. "ऐक, तुझा पप्पा." रोज. एकच कॅसेट दिवसातून तीनदा. मी लग्न होऊन वसई रोडला फ्लॅटमध्ये राहत होते, रविवारी यायचे, आणि दर रविवारी आवाज थोडा आणखी बसलेला वाटायचा. एका रविवारी टेपरेकॉर्डरनं कॅसेट खाल्ली. आईनं फीत हातानं ओढून काढली होती आणि पेन्सिलीवर गुंडाळत बसली होती. माझं डोकंच फिरलं. "अगं, हात कशाला लावलास? आता गेलं ना ते सगळं!" असं मी ओरडले. आई फीत गुंडाळत राहिली.

त्या वेळी मी फोर्टमधल्या एका ऑफिसात कॉम्प्युटर विभागात होते. तिथं रोज संध्याकाळी दिवसभराच्या कामाची प्रत टेपवर काढायची आणि एक शिपाई ती दुसऱ्या इमारतीतल्या तिजोरीत नेऊन ठेवायचा. आमचे साहेब नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावायचे की एकाच छपराखाली दोन प्रती म्हणजे एकच प्रत. छप्पर गेलं की दोन्ही गेल्या. मला ते फार पटलं होतं. घरी कॉम्प्युटर घेतला होताच. मी सगळ्या कॅसेटी उचलून फ्लॅटवर आणल्या, टेपरेकॉर्डरची वायर कॉम्प्युटरला जोडली आणि रविवारमागून रविवार दादाचा आवाज आत उतरवत बसले. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ बसावं लागायचं, घाई करता यायची नाही. नवरा म्हणायचा, "जेवून तरी घे." मी हेडफोन लावून रडत असायचे, मला ऐकूच यायचं नाही.

कॅसेटी आईला परत दिल्या आणि मग प्रतींची वाटणी केली. एक प्रत कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये. दुसरी सीडीवर, माझ्या कपाटात. तिसरीही सीडीवरच, पण बाहेर, दुसऱ्या छपराखाली. नालासोपाऱ्याला एक मैत्रीण होती, तिच्याकडे ठेवायचा विचार मनात आला, पण दादाचा आवाज परक्या घरात ठेवायला मन होईना. आईचं घर होतंच. ही सगळी योजना मी नवऱ्याला कागदावर चौकटी काढून समजावली, तेव्हा तो हसून म्हणाला, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

सीडी घेऊन मी सांडोरला गेले. आईनं ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. तिच्याकडे सीडी लावायचं काही नव्हतंच. जुना टेपरेकॉर्डर आणि झिजत आलेल्या कॅसेटी, एवढंच. "हा यात आहे?" तिनं विचारलं.

"सगळा. पहिल्या कॅसेटपासून शेवटच्यापर्यंत."

"ऐकू येत नाही मग."

"ऐकायला नाही गं ही. ठेवायला आहे."

आईला हे मात्र चटकन समजलं. ऐकायला नाही, ठेवायला. पुढच्या रविवारी बघते तर सीडी देव्हाऱ्यात, मरियामाउलीच्या मूर्तीला टेकून उभी, आणि पुढ्यात मेणबत्ती! मी जवळजवळ किंचाळलेच. "आये, वितळेल ना ती!" आईनं निमूटपणे सीडी उचलली आणि ट्रंकेत ठेवणीतल्या लुगड्यांमध्ये ठेवली. मी तिथंच बसून तिला आणि वहिनीला साहेबांचं व्याख्यान ऐकवलं. घर पडलं तरी काळजी नाही, चोरी झाली तरी नाही, आग लागली तरी नाही. एक गेली तरी दोन राहतात. हे मी एकदा नाही, शंभरदा सांगितलं असेल, कारण मला ते सांगायला आवडायचं.

आईनं एवढंच विचारलं, "आणि मी गेले तर?"

"तू गेलीस तरी दोन राहतात!" मी वैतागून म्हटलं. माझी रिक्षा दाराशी उभी होती.

पुढे काही वर्षं काही झालं नाही. कॅसेटी एकेक करून संपल्या. काहींना बुरशी लागली, काही चिकटून बसल्या, शेवटची आईनं वाजवून वाजवून संपवली. मी म्हटलं, काही हरकत नाही, माझ्याकडे आहे, भाची मोठी झाली की तिला नीट ऐकवू. तिला पहिल्या कम्युनियनच्या वेळी, म्हणजे ती चर्चमध्ये प्रथमच ख्रिस्तप्रसाद घेईल तेव्हा, ऐकवायचं असं आमचं तिघींचं ठरलं होतं. लहानपणी मांडीवर ऐकलेलं तिला काही आठवत नव्हतं. ती विचारायची, आणि वहिनी सांगायची, "कम्युनियनला. आत्या ऐकवणार आहे."

कम्युनियनच्या आदल्या वर्षी, सुरुवातीलाच, कॉम्प्युटर टक टक करायला लागला. आमच्या धंद्यात तो आवाज सगळ्यांना माहीत असतो. डॉक्टरला जसं काही दुखणं नुसतं दारातून कळतं, तसं. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क कानाला लावली आणि म्हणाला, "मॅडम, यात काही राम नाही." मी म्हटलं, असू दे. घाबरले नाही. ह्यासाठीच तर केलं होतं सगळं! घरी येऊन कपाटातली सीडी काढली. तिच्या पाठीवरचा चकचकीत थर कडेनं सुटला होता, कपाट ओल येणाऱ्या भिंतीला लागून होतं आणि सीडी मी स्वस्तातली घेतली होती. दोन-तीन ठिकाणी लावून पाहिली. कुठंही चालली नाही. तरीसुद्धा मी घाबरले नाही, हे सांगितलं पाहिजे. उलट मला साहेबांची आठवण आली. दुसरं छप्पर! रविवारी जाऊन आईकडची आणू आणि तिच्या चांगल्या चार प्रती काढू.

रविवार उजाडायच्या आत वहिनीचा फोन आला. आईला रात्रीपासून श्वास लागला होता, दवाखान्यात नेलं होतं. मग कोण सीडी आणि कोण काय. आईच्या उशाशी बसून मी कसला हार्ड डिस्कचा विषय काढणार होते? ती गेली तेव्हा मी आणि वहिनी दोघी जवळ होतो. आमचं रोझरीच्या जपमाळेचं शेवटचं पर्व चालू होतं.

दफन झालं. बाबांच्या शेजारी. पेटीजवळ मला उभं राहवत नव्हतं, आईला नेसवणं, सजवणं सगळं वहिनीनं केलं. लाल लुगडं, हातात रोझरी, पायाशी प्रार्थनेचं पुस्तक. आमच्याकडे माणसाबरोबर असं थोडंफार देतात.

सातव्या दिवसाच्या मिस्सेनंतर पाहुणे पांगले, तेव्हा मी वहिनीला म्हटलं, "ट्रंकेतली सीडी दे गं. न्यायची आहे."

"ती आईंबरोबर गेली," वहिनी म्हणाली.

"कुठं गेली?"

"पेटीत. लुगड्याच्या पदरात ठेवली मी. त्यांनी कधीपासून सांगून ठेवलं होतं. लेकाला माती मिळाली नाही, माझ्याबरोबर मिळू दे, म्हणायच्या." मग माझ्या तोंडाकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "तूच म्हणाली होतीस ना, बाय? त्यांची गेली तरी दोन राहतात."

मी तिला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अडाणी म्हणाले, एवढं सांगते. ती भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला हळूहळू कळत गेलं की दुसऱ्या दोन नाहीत. मग तिनं पदर तोंडात कोंबला, कारण भाची बाहेर ओटीवर खेळत होती.

मी तशीच उठून फादरांकडे गेले. म्हटलं, कबर उघडायची आहे. फादर वयस्कर होते, त्यांनी आधी मला पाणी दिलं. मी त्यांना सगळं पटवून सांगितलं. सीडी प्लास्टिकच्या डबीत आहे, डबी कापडात आहे, पेटी नवी आहे, आत्ता काढली तर चालेल, उशीर केला तर जाईल. त्या माणसानं माझं सगळं ऐकून घेतलं. "उघडता येते," ते म्हणाले. "परवानग्या लागतील, मी स्वतः खटपट करीन. पण ज्याचा आवाज आहे त्याची बायको हयात आहे. तिला घेऊन ये. ती हो म्हणाली तर मी तुझ्याबरोबर."

मला हायसं वाटलं. वहिनी नाही म्हणेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. लेक तिची, नवरा तिचा, हे नुकसान सगळ्यांत जास्त तिचंच.

ती मागच्या दारी वाडीत होती, केळींची सुकलेली पानं कापत. मी फादर काय म्हणाले ते सांगितलं. आत्ता चल, म्हटलं. तिनं कोयता खाली ठेवला, पण जागची हलली नाही.

"मला माहीत असतं तर मी ठेवली नसती," ती म्हणाली. "आईंना खोटं सांगितलं असतं, ठेवते म्हणून, आणि ठेवली नसती. पण ठेवली."

"म्हणून तर म्हणते, काढू. अजून वेळ आहे."

"नाही."

"वहिनी, पोरीला बापाचा आवाज आठवतसुद्धा नाही! तिला काय सांगणार आहेस?"

"ते माझं मी बघीन." तिचे डोळे भरून वाहत होते, पण आवाज हलला नाही. "तू कबरीवर गेली नाहीस दफनानंतर. मी रोज जाते. मला आजवर जायला कुठं होतं, बाय? नवरा गेल्यापासून मी कुठं जाऊन बसले? आता आहे. आईंच्या कुशीत आहे तो. तिथून त्याला उपटून आणू? परत कुठं टाकू?"

"अगं, ती सीडी आहे!" मी ओरडले. "प्लास्टिक आहे ते!"

"मग प्लास्टिकसाठी कबर कशाला उघडतेस?" ती म्हणाली.

मी भांडले, रडले, नवऱ्याला मध्यस्थीला आणलं. तो वहिनीशी पाच मिनिटं बोलला आणि बाहेर येऊन मला म्हणाला, "घरी चल." फादरांकडे मी परत गेले नाही. पावसाळा आला आणि गेला. मग विचार करण्यासारखं काही उरलंच नाही.

भाचीचं कम्युनियन पुढच्या वर्षी मे महिन्यात झालं. सकाळी मी तिला तयार करत होते, पांढरा झगा, डोक्यावर फुलांचा मुकुट. वहिनी आत पाहुण्यांचं बघत होती. मला वाटलं होतं वहिनीनं पोरीला समजावलं असेल, आणि समजावलं होतंच. पण मुलं ती.

"आत्या," ती आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "पप्पा कसे बोलायचे? मम्मी म्हणते तुला सगळं पाठ आहे."

खरंच पाठ होतं. कॅसेटी उतरवताना मी प्रत्येक शब्द दहादा ऐकला होता, तो कुठं खोकतो ते सुद्धा मला ठाऊक होतं. मी केसात पिन खोचता खोचता थांबले आणि दादाचं एक वाक्य, त्याच्याच बोलीत, त्याच्याच हेलात म्हणायला गेले.

शब्द सगळे बरोबर होते. आवाज माझाच आला. मी पुन्हा म्हणून बघितलं, जरा जाड आवाज काढून. मग डोळे मिटले आणि आधी त्याचा आवाज नीट ऐकून घ्यावा, मग म्हणावं, म्हणून आत कान दिला. आत काही नव्हतं. कधी गेला तो मला कळलंही नाही.

"असे?" भाचीनं विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. "असे नाही."